दुसरा गिअर आणि उजवा गुडघा

गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज आला. कोपऱ्यापलीकडून बारीक, चढ्या सुरात कुणीतरी कण्हत येत होतं, आणि सूर काही केल्या खाली उतरत नव्हता.

आत्यानं चहाच्या कपातून तोंडही वर काढलं नाही. "दुसऱ्यात अडकलीय," ती म्हणाली. "चालवणारा शहाणा दिसतोय, दामटत नाहीये. बारके, मोठं दार उघड."

बारकी उठली. नाव बारकी, पण अंगानं चांगली उंच. शेंडेफळ म्हणून घरात चिकटलेलं नाव शिक्षण झालं, नोकरी लागली, नोकरी सोडून आत्याच्या वर्कशॉपमध्ये आली, तरी सुटलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्सचीच कामं होत. आत्याचा हात त्यात असा बसलेला की लोक लांबून गाड्या ढकलत आणत.

ही मात्र ढकलत आली नव्हती. गडद हिरवी, दोनच माणसांची, ठेंगणी स्पोर्ट्स कार. तिच्यातून एक माणूस घडीची खुर्ची उघडावी तसा टप्प्याटप्प्यानं बाहेर आला.

"गिअर येत नाहीये," तो म्हणाला. "म्हणजे… एक येतोय. पण तो जात नाहीये."

"कुठून आणलीत अशी?"

"बाजारातून. सगळे सिग्नल हिरवे मिळू देत म्हणत म्हणत."

"मिळाले?"

"एकही नाही."

बारकी हसली. मग गाडीत वाकून तिनं गिअरच्या दांड्याभोवतीचं झाकण सोडवलं, रबर वर केलं, दांडा उपसून काढला. त्याच्या खालच्या टोकाला प्लॅस्टिकची एक वाटी असते, अंगठ्याच्या नखाएवढी. ती तडकली होती. बारकीनं ती त्याच्या तळहातावर ठेवली.

"एवढंसं?" तो म्हणाला. मग ती वाटी उजेडात धरून फारच आपुलकीनं पाहत राहिला. "आमच्याकडेही असंच असतं. एवढीशी कीड, आणि माणूस रात्रभर गाल धरून बसतो."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"दातांचा डॉक्टर आहे मी."

"अच्छा! म्हणजे तुम्ही लोकांना तोंड उघडायला लावता."

"आणि तुम्ही बॉनेट."

"आमची गिऱ्हाइकं ओरडत नाहीत हो, डॉक्टर."

"ही तर पूर्ण बाजारातून ओरडत आली," तो म्हणाला, आणि आत्या चहा पिता पिता ठसकली.

नवी वाटी बसवली, दांडा जागेवर गेला. काम खरं तर तिथंच संपलं होतं. पण आत्याचे दोन नियम होते आणि ते तिनं कुणासाठी मोडले नव्हते. पहिला, काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचा, फेकायचा असेल तर त्यानं फेकावा. दुसरा, ज्यानं गिअरचं काम केलं त्यानं शेजारच्या सीटवर बसून गिऱ्हाइकाला गाडी चालवायला लावायची आणि त्याचा हात बघायचा. गिअरबॉक्सचं निम्मं दुखणं हातात असतं, असं तिचं म्हणणं. ती स्वतः मात्र कधी शेजारी बसत नसे. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं तर म्हणे, "मला शेजारच्या सीटवर बसवत नाही." त्यामुळं ते काम बारकीचं.

पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर जाणारा रस्ता त्यासाठी ठरलेला होता. वळणंच वळणं, सारखा दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. डॉक्टरचा हात तिला आवडला. दांड्यावर मूठ आवळलेली नव्हती, बोटं नुसती ठेवलेली. घाई नाही. एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना मध्ये किंचित थांबायचा, जणू 'येऊ का' असं विचारायचा.

अशा छोट्या गाडीत दोन माणसांच्या मध्ये जागा ती किती! दुसरा गिअर म्हणजे दांडा डावीकडे आणि मागे, थेट शेजारच्याच्या गुडघ्याकडे. तिसऱ्या वळणावर त्याची मूठ तिच्या उजव्या गुडघ्याला लागली. जरा रेंगाळली असेल-नसेल… तेवढ्यात बारकीनं गुडघा झटकन बाजूला घेतला.

कारण साधं होतं. डांगरीच्या मांडीवरच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता आणि त्याचं टोक नेमकं गुडघ्याशी बाहेर आलं होतं. दातांच्या डॉक्टरचा हात! ओरखडा उठला असता म्हणजे? तिनं गुडघा बाजूला घेतला, टोक आत दाबलं, आणि मग खिडकीबाहेर बघत बसली, कारण कान गरम झाले होते आणि ते कुणाला दिसू नयेत अशी तिची इच्छा होती.

"माफ करा," तो म्हणाला.

"छे, त्यात काय!" ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं स्क्रू ड्रायव्हर डाव्या खिशात टाकला. आयुष्यभर उजव्या खिशात ठेवायची सवय, त्यामुळं पुढं कितीतरी दिवस हात चुकीच्या खिशाकडं जायचा आणि दर वेळी तिचं तिलाच हसू यायचं.

डॉक्टर पुन्हा आला. म्हणे मागून टकटक आवाज येतोय. डिकीत पाण्याची बाटली गडगडत होती. मग तेल बघायला आला. मग एकदा क्लच जड वाटतोय म्हणून आला, आणि आत्यानं पाय ठेवून बघितलं तर क्लच लोण्यासारखा. आत्या नुसती भुवई उडवून आत गेली. आणि दर वेळी नियमाप्रमाणं टेकडीवर चक्कर.

त्या चकरांत गप्पा रंगायच्या. एकदा तो म्हणाला, "माझ्या धंद्याची गंमत माहितीय? काम चांगलं केलं की माणूस परत येत नाही."

"आमचंही तेच," बारकी म्हणाली. "गाडी रस्त्याला लागली की गिऱ्हाईक दारावरून जाताना हॉर्नसुद्धा देत नाही."

"मी देईन."

"बघू हं."

पण एक गोष्ट तिला खुपत होती. तो हात बिघडला होता. पहिल्या दिवशी इतका मोकळा असलेला हात आता दुसरा गिअर टाकताना भलतंच काहीतरी करायचा. मनगट मुरडायचा, मूठ सोडून नुसत्या बोटांच्या टोकांनी दांडा ओढायचा, आणि तो अर्धवट पडला की आतून खर्रकन आवाज. गुडघा तर तिनं तिथंच ठेवलेला असायचा. डाव्या खिशातला स्क्रू ड्रायव्हर मांडीला टोचत असायचा आणि उजवा गुडघा शहाण्या मुलासारखा वाट बघत बसायचा. हात काही यायचा नाही.

हळूहळू तिला वाटायला लागलं, की त्याला नको असेल. ग्रीसनं माखलेली डांगरी, तेलाचा वास. रोज दहादा साबणानं हात धुणारा माणूस तो. त्याला कसं आवडेल? या विचारानं तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचा राग आला.

मग एके दिवशी तो आला आणि म्हणाला, "शॉर्ट शिफ्टर बसवायचाय."

शॉर्ट शिफ्टर म्हणजे आखूड चालीचा दांडा. गिअर बदलताना हात जितका पुढंमागं जातो, तो त्यात बराच कमी जातो. मनगटाच्या एका झटक्यात काम होतं. शर्यतीची हौस असलेली पोरं नेहमी मागायची. आत्यानं भंगारातला एक गिअरबॉक्स बाकावर ठोकून ठेवला होता, नमुन्यासाठी. त्यावर एकामागून एक दांडे बसवून दाखवायचे आणि गिऱ्हाइकानं हातानं ठरवायचं.

"हा मूळचा," बारकी म्हणाली. "हा मधला. आणि हा सगळ्यात आखूड. बघा."

त्यानं आखूड दांडा ओढला. टक्. आवाज कसा स्वच्छ, कोरडा.

"आवडला?" तिनं विचारलं. "दात निघाल्यासारखा आवाज आहे."

"आमच्याकडे इतक्या सुखानं निघत नाहीत," तो म्हणाला. पण त्याचं लक्ष आवाजाकडं नव्हतं. त्यानं दांडा दुसऱ्यात नेला आणि त्याच्या वरच्या गोट्यापासून बाकाच्या कडेपर्यंत वीत लावून बघितली. मग मूळचा दांडा बसवायला लावला, तो दुसऱ्यात नेला, पुन्हा वीत. "दुसऱ्यात असताना तो आखूड दांडा चांगला चार बोटं अलीकडंच राहतो, नाही का?"

बारकी बघत राहिली. लोक विचारायचे गिअर किती पटकन पडतो. चार बोटं अलीकडं राहतो का, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"डॉक्टर, खरं सांगू? तुम्हाला याची गरज नाही. चाल आखूड झाली की जोर जास्त लागतो. थंड सकाळी दांडा हट्ट करेल. गिअरबॉक्सची घरघर आत ऐकू येईल. आणि दोष तुमच्या दांड्यात नाहीच, हातात आहे. पहिल्या दिवशी छान टाकत होता. आता दुसरा टाकताना मनगट मुरडता. का?"

"कळतंय मला ते."

"मग सरळ टाका की!"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. "हात फार लांब जातो," एवढंच म्हणाला.

फार लांब. म्हणजे माझ्यापर्यंत, बारकीच्या मनात आलं, आणि मनात काहीतरी खाली बसलं.

तो गेल्यावर ती बाकाशी उभी राहून तो मूळचा दांडा उगाच मागंपुढं करत राहिली. हा शिफ्टर त्या गाडीला नको, हे ती शपथेवर सांगू शकली असती. पण आपण हे गाडीसाठी सांगतोय की आपल्या गुडघ्यासाठी? गरज नसलेलं विकायचं नाही आणि मनात एक ठेवून दुसरं सांगायचं नाही, यावर तर हे वर्कशॉप उभं होतं. आजवर तिचा सल्ला सरळ असायचा, कारण सल्ल्यात तिचं स्वतःचं काही गुंतलेलं नसायचं. आज पहिल्यांदाच तिला आपल्या तोंडच्या खऱ्या गोष्टीचा संशय आला.

"आत्या," तिनं विचारलं, "आपण सांगतो ते खरंही आहे आणि आपल्या सोयीचंही आहे, असं झालं तर काय करायचं?"

आत्या हात पुसत होती. तिनं कशाबद्दल, कुणाबद्दल असं काही विचारलं नाही. "खरं असेल तर सांगायचं. सोयीचं निघालं यात तुझा काय गुन्हा? पण मग सोयीचं आहे हेही सांगायचं. निम्मं खरं सांगून मोकळं व्हायचं नाही."

"ते कसं सांगणार?"

"ते मला काय विचारतेस? मी शेजारच्या सीटवर बसत नाही."

बारकीला ते सांगता आलं नाही. ज्याला आपण नको आहोत त्याला, तो आपल्याला हवा आहे, असं कसं सांगायचं? तिनं मधला दांडा मागवला, आखूड पण हट्टी नाही असा. त्याला बसवायचाच असेल तर निदान गाडीला आणि त्याच्या हाताला त्रास होऊ नये.

बसवताना तिनं जीव ओतला. आतलं जुनं तेल काढून ताजं भरलं, रबर साफ केलं, प्रत्येक गिअर पडतोय का हे हातानं पुन्हा पुन्हा पाहिलं. काम इतकं नीट झालं की आता या माणसाला इथं यायचं काही कारणच उरणार नाही, हे बोल्ट आवळता आवळता तिला समजत होतं. तरी तिनं एकही बोल्ट ढिला सोडला नाही. मूळचा दांडा मऊ फडक्यात गुंडाळला आणि नियमाप्रमाणं परत द्यायला मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसली.

बाहेर भुरभुर सुरू होती. गाडीचं कापडी छत ओढून घेतलं तशी आतली जागा आणखीच लहान झाली. काचा कडेनं धुरकटल्या, छतावर थेंबांची बारीक कुजबुज. टेकडी लागली. पहिलं वळण, दुसरा गिअर… टक्. इतका सुरेख पडला की तिला अभिमान वाटला. त्याचं मनगट सरळ होतं, बोटं मोकळी. पहिल्या दिवसाचा तोच हात. आणि त्या हातात आणि तिच्या गुडघ्यात चांगली चार बोटं मोकळी जागा.

"झकास," ती म्हणाली. आवाज जरा जास्तच आनंदी निघाला. "झालं तुमचं काम. आता हॉर्न द्यायचं विसरू नका."

दोन वळणं गेली. मग डॉक्टर सुस्कारा टाकून म्हणाला, "बरं वाटलं. आता तुम्हाला त्रास नाही."

"मला?"

"म्हणजे… गुडघ्याला. पहिल्या दिवशी माझा हात लागला आणि तुम्ही गुडघा किती झटकन काढून घेतलात! मला इतकी लाज वाटली. तुम्ही बिचाऱ्या कामासाठी शेजारी बसता, आणि गिऱ्हाईक… नंतर मी खूप जपलं. पण जपायला गेलं की गिअर खरखरायचा. गाडी आणायचं तर थांबवता येईना, मग म्हटलं निदान दांडा तरी आखूड करू."

बारकी त्याच्याकडं बघतच राहिली.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

"अं?"

"बाजूला घ्या आधी."

त्यानं घाबरून गाडी टाकीच्या भिंतीकडेला घेतली. बारकीनं डाव्या खिशात हात घातला, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला.

"हा त्या दिवशी उजव्या खिशात होता. टोक बाहेर आलं होतं. तुमच्या हाताला लागला असता म्हणून मी गुडघा काढला. तुमच्या हाताला, डॉक्टर!"

तो स्क्रू ड्रायव्हरकडं बघत राहिला, मग तिच्याकडं. "आणि… आता डाव्या खिशात?"

"त्याच दिवसापासून."

"का?"

इथंच ती नेहमी निम्म्यावर थांबायची. आत्याचा शब्द तिला आठवला. तिनं श्वास घेतला.

"कारण मला वाटलं, पुन्हा लागेल हात. लागावा असं वाटलं. लागेना, तेव्हा वाटलं तुम्हाला ग्रीसची किळस येत असेल. शिफ्टर बसवू नका म्हणाले ते खरंच गाडीसाठी म्हणाले. पण माझ्यासाठीही म्हणाले. झालं, सांगून टाकलं. आता हसा."

तो हसला नाही. चेहऱ्यावर काहीतरी सावकाश उमलत गेलं. "किळस?" तो म्हणाला. "अहो, मी दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतो!"

मग मात्र दोघंही हसत सुटले, काचा पार धुरकटून जाईपर्यंत.

"डिकीत ती बाटली मीच ठेवली होती," तो म्हणाला.

"आत्याला माहितीय."

"आणि क्लच…"

"तेही माहितीय." तिनं मांडीवरचं फडकं उलगडलं. "हा तुमचा मूळचा दांडा. परत बसवून देऊ? फार वेळ नाही लागायचा."

त्यानं दांडा घेतला, क्षणभर तोलला आणि मागच्या फटीत ठेवून दिला. "नको," तो म्हणाला. "आता हा हात तुझ्यापर्यंत यायला गिअरची सबब कशाला हवी?"

आपण 'तुझ्यापर्यंत' म्हणून गेलो हे त्याच्याही उशिरा लक्षात आलं. तो थबकला, दोन गिअरच्या मध्ये थांबायचा तसाच किंचित. मग त्यानं गाडी दुसऱ्यात टाकली, दांडा सोडला आणि तळहात उताणा करून तिच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. तिनं त्यावर आपला हात ठेवला. नखांत काळं होतं. त्यानं बोटं मिटून घेतली.

वर्कशॉपमध्ये आत्या दुसरा चहा घेऊन बसली होती. लांबून, कोपऱ्यापलीकडून, तोच बारीक चढा सूर यायला लागला आणि काही केल्या खाली उतरेना. आत्याच्या कपाळावर आठी पडली. बारकीच्या हातचं काम, आणि पुन्हा अडकलं? ती कप ठेवून पावसात बाहेर आली.

हिरवी गाडी कण्हत कण्हत दारात आली. खिडकीची काच खाली झाली.

"पुन्हा दुसऱ्यात अडकली का गं?" आत्यानं विचारलं.

"नाही आत्या, गिअर छान पडतात," बारकी म्हणाली. "डॉक्टरांचा डावा हात मोकळा नव्हता."

आत्या वाकली. तिनं आत बघितलं. दांडा मोकळा उभा होता, आणि गुडघ्यावरचे दोन हात तिला बघूनही सुटले नव्हते. तिनं मान हलवली.

"असू दे," ती म्हणाली. "पण चढावर तरी सोडत जा. क्लच जळाला तर मी फुकट बदलून देणार नाही."

आणि मोठं दार पूर्ण उघडून ती चहाचे आणखी दोन कप काढायला आत गेली.